बुरशी बीजाणू केव्हा धरते? अ‍ॅस्परजिलसमधील जनुकीय नियंत्रणाविषयी चर्चा

पेट्रीडिश (सोलापूर), धागाकर्ता

शेंगदाण्याच्या साठवणुकीवरील मागील धाग्यात ‘बुरशी पुरेशी वाढली की तिला बीजाणू आपोआप येतात’ असे विधान आले होते आणि बहुतेकांनी ते मान्यही केले होते. मी येथील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. हे विधान परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही इतक्या वेळा वाचावे लागते, की त्यावर स्वतंत्र धागा काढणे मला आवश्यक वाटले. बुरशीचे तंतू अन्न आणि ओल असेपर्यंत कितीही पसरू शकतात आणि तरीही एकसुद्धा बीजाणू न धरता राहू शकतात. बीजाणू धरण्यासाठी तिला काही जनुके ठरावीक क्रमाने चालू करावी लागतात, आणि त्याआधी त्यांच्यावर असलेली बंधने उठावी लागतात.

चर्चेसाठी मी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये रोगकारक बुरशींची जी प्राधान्ययादी प्रसिद्ध केली, तिच्या सर्वांत गंभीर गटातील चार बुरशींपैकी ही एक आहे. तिचे बीजाणू दोन ते तीन मायक्रोमीटर व्यासाचे असतात, म्हणजे श्वासाबरोबर थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचण्याइतके लहान. आपण सर्वच जण असे शेकडो बीजाणू रोज आत घेतो आणि निरोगी शरीरातील भक्षक पेशी त्यांचा निकाल लावतात. रक्ताचा कर्करोग, अवयवरोपण किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, त्यांच्या फुप्फुसात मात्र तेच बीजाणू रुजतात.

या बुरशीविषयी आज जे ठाऊक आहे, त्याचा पाया तिच्या चुलत बहिणीवर, म्हणजे अ‍ॅस्परजिलस निड्युलन्सवर घातला गेला. ग्लासगो येथील जॉन क्लटरबक यांनी 1969 मध्ये बीजाणू धरण्यात बिघाड झालेल्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) प्रकारांचे वर्णन केले आणि त्यांतून तीन मुख्य जनुके पुढे आली. पहिले ‘बीआरएल-ए’. हे निकामी असेल तर बीजाणूधराचा, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या उभ्या तंतूचा, देठ केसासारखा ताठ वाढतच राहतो आणि त्याच्या टोकाला फुगीर डोके येत नाही. दुसरे ‘एबीए-ए’. याच्या अभावी डोके येते, त्यावरील पेशीही येतात, परंतु त्यांतून बीजाणू सुटण्याऐवजी मण्यांच्या माळेसारख्या फुगवट्यांच्या रांगा तयार होतात. तिसरे ‘वेट-ए’. याच्या अभावी बीजाणू तयार होतात, पण त्यांची भिंत अपुरी राहते, रंग चढत नाही आणि काही काळाने ते विरघळून पाण्याचे थेंब साचल्यासारखे दिसतात. पहिले जनुक दुसऱ्याला चालू करते आणि दुसरे तिसऱ्याला, असा हा क्रम आहे. त्यातही एक गाठ अशी, की ‘एबीए-ए’ उलट दिशेने ‘बीआरएल-ए’लाही जोर देते, त्यामुळे एकदा सुरू झालेले काम अर्ध्यावर सुटत नाही.

हा क्रम खरोखर पुरेसा आहे काय, याची कसोटी 1988 मध्ये अ‍ॅडम्स, बॉयलन आणि टिंबरलेक यांनी लावली. त्यांनी ‘बीआरएल-ए’ला अशा नियंत्रक भागाशी जोडले, की बुरशी ज्यात वाढवतात त्या माध्यमातील अन्नस्रोत बदलताच ते हुकमी चालू व्हावे. निड्युलन्स सहसा द्रव माध्यमात बुडालेली असताना बीजाणू धरत नाही. परंतु हे एकच जनुक चालू करताच बुडालेल्या तंतूंची वाढ थांबली आणि त्यांच्या टोकांतून थेट बीजाणू सुटू लागले. या प्रयोगाची मांडणी मला आजही विलक्षण वाटते, कारण ‘आवश्यक’ आणि ‘पुरेसे’ या दोन्ही गोष्टी एकाच जनुकाबद्दल इतक्या स्वच्छपणे सिद्ध झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

मग प्रश्न उरतो तो असा, की इतके प्रबळ जनुक एरवी गप्प कसे राहते? याचे उत्तर अनेक पातळ्यांवर आहे आणि मला त्यातील सर्वांत रंजक पातळी आरएनएची वाटते. ‘बीआरएल-ए’पासून दोन प्रकारचे संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या जनुकाच्या नकला, तयार होतात. त्यांपैकी एकाच्या आरंभी, मुख्य संदेशाच्या आधी, एक अगदी आखूड संदेश असतो. रायबोसोम, म्हणजे पेशीतील प्रथिन बनवणारे यंत्र, त्या आखूड संदेशावर अडकतो आणि मुख्य प्रथिन फारसे तयार होत नाही. म्हणजे वाढत्या तंतूंत हा आरएनए हजर असूनही प्रथिन नसते. 1993 मध्ये तो आखूड संदेश काढून टाकून पाहण्यात आला, तेव्हा बुरशीने वेळेआधीच बीजाणू धरण्यास सुरुवात केली. पूर्वतयारी करून ठेवायची आणि हुकूम येईपर्यंत थांबायचे, अशी ही व्यवस्था दिसते.

याच्या वरच्या पातळीवर ‘फ्लू-जी’ हे जनुक आणि ‘एफएलबी’ गटातील पाच जनुके ‘बीआरएल-ए’ला चालना देतात, तर ‘एसएफजी-ए’, ‘एनएसडी-डी’ आणि ‘व्होस-ए’ ही त्याला दाबून ठेवतात. चालना देणाऱ्यांपैकी एखादे निकामी झाले तर वसाहत, म्हणजे ताटलीवर वाढलेला बुरशीचा थर, हिरवी न होता पांढऱ्या कापसासारखी फुगते. प्रयोगशाळेत ताटलीकडे नुसते पाहूनही हे ओळखता येते. प्रकाशाचा भाग मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. कोणी विचारले तर त्याविषयी लिहीन.

डाळिंबवाला (सांगोला)

सर, लेख दोनदा वाचला. आमच्याकडे पाटाला पाणी सुटते तेव्हा दारे मोडल्याशिवाय ते वाफ्यात जात नाही, त्याप्रमाणे दाबणारी जनुके बाजूला झाली की ‘बीआरएल-ए’ आपोआप चालू होते, असे समजावे काय? दुसरा प्रश्न बागेतला आहे. डाळिंबावरील तेल्या रोगावर आमचे सारे लक्ष असते, पण काही वेळा बाहेरून निरोगी दिसणारे फळ फोडले की आत काळी भुकटी निघते. फळाची साल बंद असताना आत हवा कोठून आली आणि बुरशीला बीजाणू धरायचे कसे समजले?

पेट्रीडिश

दादा, पाटाची उपमा अर्धी लागू पडते. दार मोडले की पाणी उताराने स्वतःच वाहते, परंतु येथे बंधन उठल्यावरही ढकलणारे प्रथिन लागते. ‘एनएसडी-डी’सारखा दाब काढल्यास बुरशी लवकर बीजाणू धरते हे खरे आहे, तरी ‘एफएलबी’ गटातील प्रथिनांनी ‘बीआरएल-ए’च्या नियंत्रक भागावर बसून त्याला चालना देणे हे त्यापासून वेगळे काम आहे. शिवाय तंतूंना आधी ‘पात्र’ व्हावे लागते. निड्युलन्सच्या बाबतीत बीजाणू रुजल्यापासून साधारण अठरा ते वीस तास वाढ झाल्याखेरीज, हवा मिळाली तरी ती प्रतिसाद देत नाही. त्यानंतर द्रवातील तंतू गाळून हवेवर पसरले, की पंधरा-सोळा तासांत बीजाणू दिसू लागतात.

फळातील काळी भुकटी बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजरची असते. ती फुलाच्या वाटेने आत शिरते आणि फळ बंद झाल्यावर दाण्यांभोवती पसरते. फळाच्या आतही दाण्यांच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते, आणि बुरशीला एवढी हवा पुरते. ओल्या पृष्ठभागावरून तंतू हवेत डोकावला की स्थिती बदलते. अन्न संपत येणे, विशेषतः कर्ब किंवा नत्र कमी पडणे, हीदेखील अशीच एक खूण आहे.

‘समजले कसे’ याचे उत्तर काही अंशी ‘फ्लू-जी’मध्ये आहे. ‘फ्लू-जी’ निकामी असलेली पांढरी वसाहत चांगल्या वसाहतीच्या शेजारी वाढवली, तर दोन्हींच्या सीमेवर पांढऱ्या वसाहतीलाही बीजाणू येतात. मध्ये केवळ लहान रेणू आरपार जाऊ देणारा पातळ पडदा ठेवला तरीही हे घडते. याचा अर्थ बुरशी बाहेर एक लहान रेणू सोडते आणि त्याचे प्रमाण पुरेसे झाले की ती स्वतःच तो संकेत वाचते. 2012 मध्ये निड्युलन्समध्ये हा संकेत डीहायड्रोऑस्टिनॉल आणि डायऑर्सिनॉल या दोन संयुगांच्या जोडीचा असल्याचे दाखवण्यात आले.

छातीचा डॉक्टर (होटगी रस्ता)

या धाग्यातील एक मुद्दा रुग्णांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अ‍ॅस्परजिलसचा आक्रमक संसर्ग झालेल्या फुप्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात फांद्या फुटलेले तंतू दिसतात, बीजाणूधर दिसत नाहीत. ऊतींमध्ये बुरशी बुडालेली असते आणि पेट्रीडिश सरांनी सांगितल्याप्रमाणे अशा स्थितीत ‘बीआरएल-ए’चा क्रम सुरू होत नाही. याला अपवाद आहे तो पोकळीचा. जुन्या क्षयरोगाने फुप्फुसात पोकळी राहिलेली असते, तेथे बुरशीचा गोळा वाढतो, आणि त्या पोकळीत हवा खेळती असल्यामुळे कधीकधी तेथे पूर्ण बीजाणूधर आढळतात. आपल्या भागात क्षयाचे जुने रुग्ण कमी नाहीत, त्यामुळे असे गोळे मला अधूनमधून दिसतात.

यावरून नातेवाइकांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. हा रोग घरातील इतरांना लागत नाही. रुग्णाची ताटवाटी वेगळी करणे, त्याला माडीवरच्या खोलीत ठेवणे, नातवंडांना जवळ येऊ न देणे, यांची काहीही गरज नाही. बीजाणू हवेतून, मातीतून, कुजणाऱ्या पाचटातून येतात आणि ते सर्वांनाच सारखे मिळतात. थुंकीच्या तपासणीत ताटलीवर जी हिरवट करडी भुकटी दिसते, ती ताटलीवर हवा मिळाल्यानंतर धरलेली असते. अहवालावरील छायाचित्र पाहून ‘माझ्या छातीत असे उगवले आहे’ असे समजून घाबरलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

दम्याच्या काही रुग्णांना मात्र बीजाणूंची आणि तंतूंची अ‍ॅलर्जी होते. तेथे प्रश्न आक्रमणाचा नसून शरीराच्या अतिरेकी प्रतिक्रियेचा असतो. त्यावर स्वतंत्र धागा हवा.

तुळजापूर वेस

डॉक्टरांनी दिलेली माहिती घरात वाचून दाखवली. दोन शंका आहेत. 2021 साली कोविडनंतर जी ‘काळी बुरशी’ गाजली, तिच्यातही हीच जनुके काम करतात काय? आणि साखर कारखान्यात बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ढिगाजवळ काम करणाऱ्या माणसांना जो धुळीचा श्वासविकार होतो, तोही याच बुरशीच्या बीजाणूंमुळे होतो काय? माझे एक नातेवाईक त्या कामावर आहेत.

एमएस्सी दुसरे वर्ष

पहिल्या शंकेचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करते, सर चुकल्यास दुरुस्त करतील. म्युकरमायकोसिस, म्हणजेच ती ‘काळी बुरशी’, हा रोग रायझोपस आणि तिच्या नात्यातील बुरशींमुळे होतो. त्या अ‍ॅस्परजिलसपासून फार पूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेतील आहेत. त्यांचे बीजाणू बंद पिशवीत तयार होतात आणि पिशवी फुटली की बाहेर पडतात, तर अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू डोक्यावरील पेशींच्या टोकाला उघड्या साखळीत येतात. ‘बीआरएल-ए’ तर अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम आणि त्यांच्या जवळच्या कुळापुरतेच मर्यादित आहे. प्रयोगशाळांत प्रसिद्ध असलेल्या न्यूरोस्पोरा या बुरशीमध्येही ते नाही. तेथे हेच काम दुसरी जनुके करतात.

यावरून मला प्रश्न पडतो, की हे जनुक माणसात नाही आणि रोगकारक बुरशीत आहे, तर त्याच्यावर मारा करणारे औषध का बनवू नये?

छातीचा डॉक्टर

बगॅसच्या शंकेविषयी सांगतो. जुन्या, ओलसर, तापलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा नेमका विकार हा मुख्यतः उष्णताप्रिय अ‍ॅक्टिनोमायसीट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे होतो, बुरशीमुळे नाही. तथापि अशा ढिगांत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसही भरपूर असते, कारण ती पन्नास अंश सेल्सियसलाही वाढते. आपले मे महिन्यातले ऊन तिला काहीच नाही. नातेवाइकांना खोकला आणि धाप कामावर गेल्यावर वाढते व सुटीच्या दिवशी कमी होते काय, हे विचारा. तसे असल्यास छातीच्या डॉक्टरांना दाखवावे आणि कामाचे स्वरूप त्यांना आवर्जून सांगावे.

पेट्रीडिश

एमएस्सीताईंचे उत्तर बरोबर आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र डॉक्टरांच्या पहिल्या प्रतिसादातच दडलेले आहे. रुग्णाच्या शरीरात नाश करतात ते तंतू, आणि तेथे ‘बीआरएल-ए’ बहुतांशी बंदच असते. जे आधीच बंद आहे त्याला बंद करणारे औषध देऊन रुग्णाला काय लाभ होणार? ‘बीआरएल-ए’ काढून टाकलेली फ्युमिगेटस बीजाणू धरत नाही, पण तंतूंनी वाढतेच.

तरीही हा विचार सोडून देण्यासारखा नाही. भातावरील करपा रोगासाठी वापरले जाणारे ट्रायसायक्लाझोल बुरशीला मारत नाही. ते तिचे मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य बनणे रोखते, त्यामुळे पानात घुसण्याचे तिचे साधन दुबळे होते. बुरशीच्या आयुष्यातील एकच टप्पा अडवणे शेतीत उपयोगी पडते, याचे हे उदाहरण आहे. शिवाय नियंत्रक जनुकांपैकी काही दोन्हीकडे हात ठेवून असतात. फ्युमिगेटसमधील ‘मेड-ए’ निकामी केल्यास बीजाणू धरण्यात बिघाड होतोच, पण तंतूंची पेशींना चिकटण्याची शक्तीही घटते आणि प्रायोगिक संसर्गात ती दुबळी ठरते. औषधाच्या दृष्टीने मला असे जनुक ‘बीआरएल-ए’पेक्षा अधिक आशादायक वाटते.

सांगोल्याच्या दादांसाठी येथे एक जोड देतो. शेतीत वापरली जाणारी अ‍ॅझोल गटातील बुरशीनाशके आणि रुग्णांना दिली जाणारी व्होरिकोनॅझोलसारखी औषधे एकाच प्रथिनावर काम करतात. त्या प्रथिनाच्या जनुकाच्या नियंत्रक भागात डीएनएच्या 34 अक्षरांची पुनरावृत्ती आणि प्रथिनात 98व्या स्थानी एक बदल, अशी जोडी असलेली प्रतिरोधक फ्युमिगेटस प्रथम नेदरलँड्समध्ये प्रकर्षाने लक्षात आली आणि पुढे भारतातही रुग्णांत व मातीत सापडली. प्रतिकार एका तंतूत उद्भवला तरी त्याच्या एकेका बीजाणूधरावर हजारो बीजाणू येतात, आणि हे अलैंगिक बीजाणू मूळ तंतूची हुबेहूब नक्कल असतात. फ्युमिगेटसला लैंगिक पुनरुत्पादनही जमते, हे 2009 मध्येच सिद्ध झाले. परंतु प्रसाराचे रोजचे काम या अलैंगिक बीजाणूंचेच आहे.

भुईमूग (मार्केट यार्ड)

माझा व्यवसाय शेंगदाण्याचा आहे आणि चटणीवाल्यांना माल देतो, म्हणून थेट विचारतो. दाण्यावर हिरवा बुरा दिसला तर काही जण तो पुसून, उन्हात वाळवून, भाजून माल चालवतात. बुरा म्हणजे बीजाणू, हे आता समजले. बीजाणू गेले की विषही गेले काय? आणि बुरा दिसत नसेल तर दाणा शुद्ध समजावा काय?

पेट्रीडिश

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दाण्यावरील हिरवी बुरशी बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असते आणि तिचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची पेंड खाऊन टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. 1974 मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमाभागात बुरसलेला मका खाऊन यकृताच्या आजाराने अनेक माणसे दगावली. हे विष तंतू दाण्यातच सोडतात. ते पुसून जात नाही आणि भाजल्याने काही अंशी कमी झाले तरी पूर्ण नष्ट होत नाही. शेतात शेंग भरताना पाण्याचा ताण आणि उष्णता एकत्र आल्यासही बुरशी आत शिरते, त्यामुळे वरून स्वच्छ दाण्यातही विष असू शकते. सुरकुतलेले, रंग बदललेले आणि फुटके दाणे वेचून काढल्याने धोका बराच कमी होतो. माल मोठा असेल तर तपासणी करून घेणे हाच मार्ग आहे.

आता हे मूळ विषयाशी कसे जुळते ते पाहा. निड्युलन्स ही स्टेरिग्मॅटोसिस्टिन नावाचे विष बनवते, जे अफ्लाटॉक्सिनच्या वाटेवरील आधीचा टप्पा आहे. तिच्या पेशीत ‘फॅड-ए’ हे संकेतवाहक प्रथिन चालू असेपर्यंत ती केवळ वाढते. ‘एफएलबी-ए’ त्याला बंद करते. 1997 मध्ये असे दाखवण्यात आले, की बीजाणू धरणे आणि विष बनवणे या दोन्हींसाठी ‘फॅड-ए’ बंद होणे आवश्यक असते. याखेरीज ‘व्हीई-ए’, ‘वेल-बी’ आणि ‘लाए-ए’ या तीन प्रथिनांचा संच अंधारात केंद्रकात एकत्र येतो आणि बुरशीची वाढ व विषनिर्मिती यांना एका सूत्रात बांधतो, हे 2008 मध्ये समोर आले. फ्लेव्हसमधून ‘व्हीई-ए’ काढले, की अफ्लाटॉक्सिन तयार होत नाही. लगाम समान असले तरी बुरा आणि विष ही दोन वेगळी कामे आहेत, म्हणून एकाचे नसणे हा दुसऱ्याच्या नसण्याचा पुरावा धरता येत नाही.

प्रकाशाचा विषय निघालाच आहे, तर तोही येथेच सांगून टाकतो. मूळ निड्युलन्स उजेडात भरपूर बीजाणू धरते आणि अंधारात लैंगिक फळांकडे वळते. परंतु जगभरच्या प्रयोगशाळांत अनेक वर्षे वापरला जाणारा वाण ‘व्हीई-ए’मध्ये बदल असलेला होता आणि तो अंधारातही बीजाणू धरत असे. कामाला सोयीचा म्हणून तो निवडला गेला, आणि त्यामुळे प्रकाशाचे महत्त्व लक्षात यायला 1990 साल उजाडावे लागले. सोयीचा वाण वापरताना आपण काय गमावतो, याचा विचार विद्यार्थ्यांनी जरूर करावा.

भुईमूग (मार्केट यार्ड)

स्पष्ट उत्तराबद्दल आभारी आहे. भाजून चालवण्याचा युक्तिवाद मी यापुढे ऐकून घेणार नाही.

एमएस्सी दुसरे वर्ष

सर, शेवटचा प्रश्न. आमच्याकडे फ्युमिगेटस म्हणून आलेल्या एका नमुन्याची वसाहत बरेच दिवस पांढरीच आहे. तिला ‘फ्लू-जी’ निकामी असलेला प्रकार म्हणावे काय?

पेट्रीडिश

इतक्या लवकर नाही. पहिली गोष्ट, निड्युलन्सचे नियम फ्युमिगेटसला जसेच्या तसे लावू नयेत. फ्युमिगेटसमधून ‘फ्लू-जी’ काढले तरी हवेवर ती बीजाणू धरते. अडचण द्रव माध्यमात दिसते. ‘बीआरएल-ए’ मात्र दोघींनाही अनिवार्य आहे.

दुसरी गोष्ट, पांढरी वसाहत भुकटीसारखी आहे की कापसासारखी, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. बीजाणू भरपूर असून रंग नसेल, तर ‘पीकेएस-पी’ या मेलॅनिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असू शकतो. असे रंगहीन बीजाणू भक्षक पेशींना सहज बळी पडतात. बीजाणूच नसतील, तर ताटली घट्ट पट्टीने बंद करून ठेवली आहे काय ते आधी तपासा, कारण हवा कोंडल्यानेही असे होते.

तिसरी शक्यता अशी, की ती फ्युमिगेटस नसेलच. अ‍ॅस्परजिलस लेंटुलस ही दिसायला तिच्यासारखी, पण बीजाणू उशिरा आणि कमी धरणारी प्रजाती 2005 मध्ये वेगळी ओळखली गेली आणि तिच्यावर अ‍ॅझोल औषधे कमी परिणाम करतात. एक ताटली 48 अंशांना ठेवा. फ्युमिगेटस तेथे वाढेल, लेंटुलस वाढणार नाही. वाढली नाही तर नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, आणि ताटली उघडण्याचे काम सुरक्षा कपाटातच करा.